आत काय, बाहेर काय

प्रस्तावना

सागवानाचा लठ्ठा मोजायची आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली एक रीत आहे. लठ्ठ्याच्या मधोमध फीत गुंडाळून गोलाई घ्यायची, तिचा चौथा भाग काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. समजा, लठ्ठा ३ मीटर लांब आणि १२० सेंटिमीटर गोलाईचा आहे. गोलाईचा चौथा भाग ३० सेंटिमीटर, म्हणून घनफळ भरते ०.२७ घनमीटर. तोच लठ्ठा भूमितीच्या पुस्तकातला दंडगोल मानला, तर उत्तर येते ०.३४४ घनमीटर. म्हणजे जुन्या रीतीत पाचव्या हिश्शाहून अधिक लाकूड हिशेबात येतच नाही.

तरीही ही रीत चुकीची म्हणता येत नाही. ती गोल लाकडाला चौरस तुळई समजते, कारण लठ्ठा शेवटी आरागिरणीवर जाणार, त्याच्या चारही बाजूंच्या फाका निघणार आणि गिऱ्हाइकाच्या हाती चिरलेले लाकूड पडणार, हे तिला ठाऊक आहे. चिरणाऱ्याच्या कामाचे तेवढे तिने ठेवले, बाकीचे सोडले. जंगलात किती लाकूड उभे आहे हे ज्याला मोजायचे आहे त्याने मात्र हाच आकडा धरला तर तो फसेल. आकाराची प्रत्येक मांडणी हा एक निर्णय असतो. काय ठेवायचे, काय सोडायचे आणि ते कोणत्या कामासाठी, हे ठरल्याशिवाय मांडणी उभी राहत नाही. या पुस्तकाचा सारा विषय या एका वाक्यात आहे.

अभियांत्रिकी महाविद्यालयात हा विषय ‘कॅड’ किंवा ‘सॉलिड मॉडेलिंग’ या नावाने शिकवला जातो. विद्यार्थी सॉफ्टवेअरची बटणे पटापट शिकतात. पडद्यावर एखादा ब्रॅकेट किंवा बेअरिंगचा डबा फिरू लागला की विषय आला असे वाटते. पण पडद्याच्या मागे संगणकाने तो आकार कशा रूपात जपून ठेवला आहे, हे पुष्कळांना पदवी हाती आली तरी माहीत नसते. शिवाय पाठ्यपुस्तकांतली उदाहरणे सगळी यंत्रशाळेतली असतात. लेथवर कातलेला, ड्रिलने भोक पाडलेला भाग हा खरे तर सगळ्यांत सोपा आकार. माणसाने तो सरळ रेषा आणि वर्तुळे वापरूनच घडवलेला असतो, त्यामुळे तो त्याच भाषेत परत मांडणे जड जात नाही. कठीण आकार यंत्रशाळेबाहेर आहेत, आणि ते चंद्रपूर-गडचिरोलीत जितके एकत्र सापडतील तितके क्वचितच कुठे सापडतील.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चांदा मुलखाचे दोन जिल्हे झाले. गडचिरोलीच्या दोन-तृतीयांशाहून अधिक भूभागावर आजही जंगल आहे. चंद्रपूरच्या जमिनीखाली वर्धा खोऱ्याचा कोळसा आहे, एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे. मानवेल आणि कटांग बांबूची बने आहेत, चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंड्याची कोरीव देवळे आहेत. चंद्रपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ पासूनचे, गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ २०११ चे. इथल्या मुलामुलींना हा विषय शिकायला परक्या उदाहरणांची गरज नाही. त्यांच्या गावातले आकारच या विद्येची खरी परीक्षा घेणारे आहेत.

कागदावरून पडद्यावर

संगणक येण्यापूर्वी त्रिमितीय आकार कागदावर तीन बाजूंनी काढत. फ्रान्समध्ये गास्पार मोंजने अठराव्या शतकाच्या अखेरीस या पद्धतीला शास्त्राची शिस्त दिली. समोरून, वरून आणि बाजूने अशी तीन दृश्ये काढायची, आणि वाचणाऱ्याने ती मनात जुळवायची. पद्धत उत्तम, पण तिचा अर्धा भाग वाचणाऱ्याच्या डोक्यात असतो. तुटक रेषा म्हणजे आतले भोक, हे फिटरला कळते. कागदाला ते कळत नाही.

१९६३ मध्ये आयव्हन सदरलंडने एमआयटीत ‘स्केचपॅड’ करून दाखवले आणि माणूस पडद्यावर थेट रेषा ओढू लागला. पुढे त्रिमितीय आकार कडांच्या सांगाड्यात साठवण्याची पद्धत आली. काटक्यांचा पिंजरा बांधावा तशी ती मांडणी. तिच्यातला दोष लवकरच दिसला. आरपार चौकोनी बोगदा असलेला एक घन घ्या. नुसत्या कडा पाहून बोगदा समोरून मागे गेला, डावीकडून उजवीकडे गेला की वरून खाली, हे काही वेळा सांगताच येत नाही, कारण तिन्ही घनांचा सांगाडा एकच असू शकतो. डोळ्यांचे ज्यावर भागते त्यावर यंत्राचे भागत नाही. घनफळ काढायचे, वजन काढायचे, कातण्याचा मार्ग ठरवायचा तर सांगाडा गप्प बसतो.

तेव्हा या विषयाचा कळीचा प्रश्न पुढे आला. अवकाशातला कोणताही एक बिंदू दाखवला, तर तो वस्तूच्या आत आहे, बाहेर आहे की पृष्ठावर आहे, हे मांडणीला निःसंदिग्धपणे सांगता आले पाहिजे. ज्या मांडणीला हे सांगता येते ती घनाकृतीची मांडणी, येत नाही ते नुसते चित्र. सत्तरच्या दशकात इंग्लंडमधल्या केंब्रिजला इयन ब्रेड यांनी आणि अमेरिकेत रॉचेस्टरला हर्बर्ट व्होल्कर व अरिस्टिडीस रेक्विचा यांनी या प्रश्नाची उत्तरे उभी केली. दोन्हीकडच्या वाटा वेगळ्या होत्या आणि आजचे प्रत्येक कॅड सॉफ्टवेअर त्या दोन्ही वाटांचे ऋणी आहे.

बांबूचे एक कांडे

पहिली वाट बेरीज-वजाबाकीची. दंडगोल, घन, शंकू, गोल असे ठरावीक मूळ आकार घ्यायचे. ते जोडायचे, एकातून दुसरा वजा करायचा किंवा दोघांचा सामाईक भाग ठेवायचा. संगणक आकार साठवत नाही, तो कृती साठवतो. बिंदू आत की बाहेर, हे विचारले की तो कृतीचा एकेक टप्पा तपासत उत्तर देतो. बांबूचे खोड असे मांडता येईल : बाहेरचा लांब दंडगोल, त्यातून प्रत्येक कांड्याच्या पोकळीचा दंडगोल वजा. गाठींच्या जागी पडदे आपोआप शिल्लक राहतील.

दुसरी वाट सीमेची. वस्तू म्हणजे तिचे बाह्य कवच. ते तुकड्यातुकड्यांनी नोंदवायचे. कोणता पृष्ठभाग कोणत्या कडेशी संपतो, ती कड कोणत्या दोन बिंदूंमध्ये आहे, कडेच्या पलीकडे कोणता पृष्ठभाग लागतो, या नात्यांची वंशावळच संगणक ठेवतो. ऑयलरचे सूत्र इथे राखणदाराचे काम करते. घनाचे ८ कोपरे, १२ कडा, ६ पृष्ठे : कोपऱ्यांतून कडा वजा करून पृष्ठे मिळवली की २ उरतात. भोके आणि पोकळ्या आल्या की सूत्र थोडे वाढते. नोंदी त्या वाढीव सूत्रात बसल्या नाहीत, तर नात्यांत कुठेतरी गफलत आहे हे नक्की समजावे.

इथे बांबू हातात घेण्यासारखा आहे. दोन्ही टोकांना गाठी शाबूत ठेवून पाच कांड्यांचा तुकडा तोडला, तर सीमेच्या मांडणीत त्याची सहा कवचे होतात : एक बाहेरचे आणि प्रत्येक बंद पोकळीचे एक, अशी आतली पाच. डोळ्यांना फक्त बाहेरचे दिसते. संगणकाला सहाही नोंदवावी लागतात, नाहीतर तो भरीव सोट्याचे वजन काढून मोकळा होईल. आता एका टोकाने लोखंडी सळई घालून आतले पडदे फोडत गेलो आणि शेवटचे टोक बंदच ठेवले, तर सहा कवचांचे एक कवच झाले. वस्तू वाटीच्या जातीची झाली, आरपार भोक एकही नाही. शेवटचे टोकही फोडले की ती नळी झाली आणि आरपार भोक एक. बासरीचे एक टोक बंद, एक उघडे, फुंकर घालायचे छिद्र एक आणि बोटांची सहा. आठ उघडी तोंडे असल्याने सूत्राच्या हिशेबात तिला सात आरपार भोके. काही लोकांना हा पोकळ गणिती खेळ वाटेल. पण साच्यात धातू ओतायचा असो की पाइपात पाणी सोडायचे असो, पोकळी बंद आहे की उघडी, एकमेकींना जोडलेली आहे की नाही, याच्यावरच सगळे अवलंबून असते.

जिथे दोन वक्रता भेटतात

मोटारीचे पत्रे मूळ आकारांच्या बेरजेत बसत नव्हते. म्हणून फ्रान्समध्ये सित्रोएनचे पॉल द कास्तेल्जो आणि रेनोचे पिएर बेझिए यांनी साठच्या दशकाच्या आसपास, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, वक्र ताब्यात ठेवण्याची रीत शोधली. थोडे नियंत्रक बिंदू ठेवायचे. बिंदू हलवला की वक्र त्याच्या ओढीने वळतो. त्याच घराण्यातली, वर्तुळ आणि दंडगोलही तंतोतंत मांडू शकणारी ‘नर्ब्स’ ही मांडणी आज सर्वत्र वापरात आहे.

एकेक पृष्ठभाग मांडणे त्यामुळे सोपे झाले, पण अडचण दोन पृष्ठभाग भेटतात तिथे सुरू होते. मांडवासाठी उभ्या बांबूवर आडवा बांबू टेकवायचा तर आडव्याच्या टोकाला वाटीसारखी खाच घ्यावी लागते. सराईत कारागीर कोयत्याने ती नजरेच्या अंदाजाने काढतो, टेकवून बघतो, चार टवके अजून उडवतो आणि खाच बसते. संगणकाच्या दृष्टीने ही दोन दंडगोलांच्या छेदाची कड आहे. दोघांची जाडी एकसारखी आणि कोन काटकोन असेल तर कड लंबवर्तुळाच्या तुकड्यांची येते. जाडी वेगळी झाली, आणि बांबूत ती वेगळीच असते, की कड चौथ्या घाताची होते आणि ती नर्ब्सच्या सूत्रात तंतोतंत बसवताच येत नाही. मोटारीच्या पत्र्यात वापरतात तसे दोन त्रिघाती तुकडे सर्वसाधारण स्थितीत एकमेकांना छेदतात तेव्हा त्या कडेचा घात ३२४ पर्यंत जातो.

म्हणून सॉफ्टवेअर काय करते? तेही टेकवून बघते. छेदाच्या कडेवरचे पुष्कळ बिंदू काढते, त्यांतून एक सोपा वक्र नेते आणि ‘इतक्या फरकाला चालेल’ अशी मर्यादा पाळते. या मर्यादेला टॉलरन्स म्हणतात. पडद्यावर दोन पृष्ठे एका कडेवर निर्दोष भेटलेली दिसतात. नोंदीत मात्र कड दोन्ही पृष्ठांपासून केसाहूनही बारीक अंतरावर असते. एका सॉफ्टवेअरातून दुसऱ्यात फाइल नेली की पृष्ठांमध्ये फटी पडतात, त्याचे मूळ बहुतेक वेळा याच अंतरात असते. विद्यार्थ्याने हे एकदा समजून घेतले की फाइल बिघडली तर तो घाबरत नाही, कुठे बघायचे ते त्याला कळते.

एक किलोमीटरची पेटी

पॅरासॉलिड हा अनेक नामांकित कॅड सॉफ्टवेअरांच्या पोटात चालणारा भूमितीचा गाभा केंब्रिजमधल्या त्याच परंपरेतून आला. त्याचे नेहमीचे जग एक किलोमीटर बाजूच्या घनाकार पेटीएवढे आहे आणि त्यातली अचूकता एका मीटरच्या दहा कोटीव्या भागाची. विमानाला आणि टर्बाइनला ही पेटी पुरून उरते. चंद्रपूरची खुली कोळसा खाण तिच्यात मावत नाही.

आणि प्रश्न नुसत्या आकारमानाचा नाही. कोळशाच्या थराला सीमा आहे, पण ती कुणी पाहिलेली नाही. ठरावीक अंतरांवर विंधनछिद्रे घेतात. प्रत्येक छिद्रात कोळसा किती खोलीवर लागला आणि कुठे संपला, एवढेच हाती येते. दोन छिद्रांच्या मधली जागा अंदाजाने भरायची असते. १९५१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींवर काम करताना डॅनी क्रिग यांनी या अंदाजाला संख्याशास्त्राचा आधार दिला, जॉर्ज माथेरॉन यांनी पुढे त्याचे शास्त्र केले. थरासारख्या कोळशाला वरचा आणि खालचा असे दोन पृष्ठभाग मांडून भागते. लोहखनिजाचे तसे नसते. तिथे डोंगराचे ठोकळे पाडतात आणि प्रत्येक ठोकळ्याला लोहाचे प्रमाण लिहितात. २ किलोमीटर लांब, १ किलोमीटर रुंद आणि २०० मीटर खोल जागेचे एकेक मीटरचे ठोकळे केले तर ४० कोटी होतात. १० मीटर लांब, १० मीटर रुंद, ५ मीटर उंच केले तर ८ लाखांत भागते. बारकावा हवा तिथे लहान, नको तिथे मोठे, असेही ठोकळे पाडता येतात. इथे आत-बाहेरचा प्रश्नच बदलतो. ‘हा बिंदू खनिजात आहे का’ याचे उत्तर हो किंवा नाही असे येत नाही. ते ‘इतक्या खात्रीने’ असे येते.

जमिनीखालच्या आकाराची नोंद किती जिवावरची असते, हे चंद्रपूर जिल्ह्याने पाहिले आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहते घर बघता बघता जमिनीत गेले. माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. खाली जुन्या भुयारी कोळसा खाणीची पोकळी होती. जिथे पिढ्यान्‌पिढ्या कोळसा काढला गेला तिथल्या पोकळ्या कुठून कुठे जातात, छताला किती आधार उरला आहे, त्यावर कोणाची घरे आहेत, याची त्रिमितीय नोंद करणे आणि ती वस्तीतल्या लोकांना वाचता येईल अशी ठेवणे, याहून निकडीचे काम या विद्येला दुसरे नसेल.

त्रिकोणांची विद्या

चंद्रपूरच्या शेजारी, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला विल्यम लॅम्ब्टन यांची कबर आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्यांनी त्रिकोणामागून त्रिकोण जोडत पुढे उत्तरेची वाट धरली. भारताचा नकाशा तर हवाच होता. त्याबरोबर पृथ्वी नेमकी किती गोल आहे हे त्यांना काढायचे होते. जानेवारी १८२३ मध्ये काम चालू असतानाच हिंगणघाटला त्यांचा मृत्यू झाला. पृथ्वीच्या आकाराला त्रिकोणांनी भिडणारी ती विद्या आज प्रत्येक मोबाइलच्या पडद्यावर आहे. त्रिकोणच का, याचे कारण साधे. तीन बिंदू नेहमी एका सपाट पृष्ठावर बसतात, चौथ्याची खात्री नसते.

ड्रोनने खाणीचे फोटो घेतले, लेझर स्कॅनरने मातीचा ढिगारा टिपला, की हाती लाखो बिंदू येतात. ते त्रिकोणांनी जोडले की जाळी होते. खाणीतून किती माती उचलली, हे आज अशाच जाळीवरून मोजतात. मार्कंड्याच्या देवळावरचा एखादा कोरीव दगड दंडगोल आणि शंकूंच्या बेरजेत कधीच बसणार नाही. त्याचीही जाळीच करावी लागते. अशी नोंद हाती असेल तर झिजलेला किंवा उतरवलेला दगड कोणत्या जागेचा, कोणाशेजारचा, हे पुढच्या पिढीला सांगता येईल.

जाळीलाही मर्यादा आहेतच. ४ सेंटिमीटर जाडीच्या बांबूचा गोल घेर १२ सरळ तुकड्यांनी काढला तर सुमारे ०.७ मिलिमीटरची चूक राहते, ३६ तुकड्यांनी ०.०८ मिलिमीटरपेक्षाही कमी. थ्रीडी छपाईसाठी चालणाऱ्या एसटीएल फाइलमध्ये त्रिकोणांपलीकडे काहीच नसते. हा दंडगोल आहे, त्याची जाडी अमुक, हे ज्ञान त्रिकोण करताना हरवते. आकडे मिलिमीटरचे की इंचांचे, तेसुद्धा फाइल सांगत नाही. ते ज्ञान जपायचे असेल तर १९९४ पासून आंतरराष्ट्रीय मानक असलेल्या ‘स्टेप’ स्वरूपात फाइल द्यावी, हा साधा नियम इथे सांगून ठेवतो.

हे काम आपल्याच राज्यात होते

ही विद्या परदेशातून डबाबंद येते असा समज आपल्याकडे आहे. तो खरा नाही. गोदरेज समूहातून निघालेली जिओमेट्रिक ही कंपनी अनेक वर्षे भूमितीच्या सॉफ्टवेअरवरच उभी होती. फ्रान्सच्या दासो सिस्टिम्सबरोबर तिने २००२ मध्ये ‘थ्रीडीपीएलएम’ ही भागीदारी केली आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरचे काम पुण्यात होऊ लागले. मुंबईच्या आयआयटीत भरत अडसूळ, जिनेश मच्छर आणि मिलिंद सोहोनी यांनी एका कठीण प्रश्नावर संशोधन केले. एखादी घनाकृती वाटेने सरकत, वळत गेली तर तिने व्यापलेल्या जागेची सीमा काटेकोर कशी मांडायची, आणि ती स्वतःलाच छेदते तिथे काय करायचे? कातणाऱ्या हत्यारापासून रोबोच्या हातापर्यंत सगळ्यांना या प्रश्नाचे उत्तर लागते.

साधनांची अडचणही आता उरलेली नाही. फ्रीकॅड हे मोफत आणि खुले सॉफ्टवेअर २००२ पासून घडत आहे. माप बदलले की मॉडेल नव्याने उभे राहते आणि ‘पृष्ठ क्रमांक ७’ भलत्याच पृष्ठाला चिकटते, हा या प्रकारच्या सॉफ्टवेअरांचा जुना आजार. २०२४ च्या नोव्हेंबरात आलेल्या १.० आवृत्तीत त्यावर बराच इलाज झाला. फ्रीकॅडचा सोर्स कोड उघडून बघता येतो. गडचिरोलीतली एखादी मुलगी उद्या त्यात दुरुस्ती सुचवू शकते. तिला कोणाची परवानगी लागत नाही.

वाचणाऱ्यांना

शिक्षकांना विनंती आहे की पहिला तास बटणांवर घालवू नका. वर्गात एक बांबूचा तुकडा, एक सागाची ढलपी आणि एक नटबोल्ट ठेवा, आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी का करावी लागेल, याच्यावर मुलांना भांडू द्या. विद्यार्थ्यांनी प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. या मांडणीत आत-बाहेर कसे कळते? किती चूक चालवून घेतली आहे? काय सोडून दिले आहे?

हे प्रश्न परीक्षेपुरते नाहीत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि आपल्या जंगलाचा कारभार गावाने स्वतः पाहायला घेतला. अशा प्रत्येक गावापुढे आज ना उद्या एखाद्या प्रकल्पाचे त्रिमितीय मॉडेल ठेवले जाईल : डोंगर इथवर कापू, माती तिथे टाकू, पाणी या वाटेने जाईल. पडद्यावरचे चित्र देखणे असेल आणि ठाम दिसेल. त्या सभेत मागे बसलेल्या एखाद्या पोरीने उठून विचारावे की ही विंधनछिद्रे किती अंतरावर घेतली, ठोकळा किती मीटरचा आहे, ढिगाऱ्याचा उतार कुठल्या मोजणीवरून धरला आणि ओढा मॉडेलमध्ये का नाही. ज्याने मॉडेल केले त्याच्याकडे उत्तरे असतील तर काम पुढे जाईल, नसतील तर त्याला परत जाऊन मोजावे लागेल. दोन्हींत गावाचे आणि अभियांत्रिकीचे भलेच आहे. तो प्रश्न विचारता येण्याएवढी विद्या तिच्या हाती पोहोचवणे हेच या पुस्तकाचे काम आहे.